एक नंबरचं नोझल

दाभण आत गेलं तेव्हा कौसल्येला बरंच वाटलं. अडलेलं काहीतरी सुटलं, असं हाताला कळलं. आधी तिनं स्टोव्हची पिन घालून पाहिली होती, पण ती त्या भोकात नुसतीच डुलत होती. मग सासूचं पोती शिवायचं दाभण आठवलं. गॅस-वेल्डिंगच्या टॉर्चच्या नोझलमध्ये ते चांगलं खोलवर घातलं, दोन-चार वेळा फिरवलं, सुटलेली काजळी फुंकून काढली, आणि हात लागलाच आहे तर म्हणून नोझल चिंच-राखेनं घासून तोंड दिसेल असं लखलखीत केलं. घरातली सगळी भांडी ती रोज अशीच वठणीवर आणत होती. हे बोटभर तांबं काय वेगळं असणार, असा तिचा कयास.

मग तिनं काळा चष्मा डोळ्यांवर ओढला, दोन्ही चाव्या फिरवल्या आणि काडी लावली.

रोजची ज्योत आतून निळी, टोकदार आणि सरळ असायची. आजची बाहेर पडली ती एका अंगाला झुकलेली आणि मधोमध फाटलेली. कौसल्येनं ऑक्सिजन कमी केला, वाढवला, पुन्हा कमी केला. ज्योत काही सरळ होईना. शेवटी फट्‌ करून वाजली आणि विझली. चाव्या बंद करून तिनं नोझल गार होऊ दिलं आणि त्याचं तोंड डोळ्याजवळ धरलं. भोक वाटोळं राहिलं नव्हतं. दाभणानं ते फाकून लांबट झालं होतं, उसवलेल्या काजासारखं. तांबं मऊ असतं हे तिला माहीत होतं. पण माहीत असणं निराळं आणि वेळेवर आठवणं निराळं.

ही शेड वाटूर फाट्यावरची. जालना, मंठा आणि परतूर असे तीन रस्ते इथं भेटतात आणि त्या तिन्ही रस्त्यांवर जे जे लोखंडी मोडतं ते साहेबरावाच्या शेडात येतं. साहेबराव म्हणजे कौसल्येचा नवरा. जालन्यात बद्रीनाथ मिस्त्रीच्या हाताखाली सहा वर्षं काढून त्यानं ही शेड घातली तेव्हा गावातले बरेच जण हसले होते. बौद्धवाड्यातला माणूस मजुरी सोडून लोखंडाच्या धंद्यात पडतो म्हणजे काय! पुढं त्या हसणाऱ्यांच्याच ट्रॉल्यांचे हुक तुटू लागले, नांगर वाकू लागले, आणि हसणं आपोआप थांबलं.

पाच महिन्यांपूर्वी शेडातला गडी औरंगाबादला कारखान्यात लागला. मग सळई धरायला, गॅसच्या ड्रममध्ये कार्बाइड भरायला कौसल्या येऊ लागली. येता येता तिला त्या कामाची चटकच लागली. दोन तुकडे वितळून एक होतात, आणि गार झाल्यावर ते कुठं जोडले होते हे फक्त बोटाला कळतं, हे बघताना तिला जेवणाचीही आठवण राहत नसे. एक दिवस ती म्हणाली, “मलाबी शिकवा.” साहेबराव वाईट माणूस नव्हता. त्यानं तिच्या हातात टॉर्च दिली, पत्र्याची कात्रणं दिली आणि शिकवलं. म्हणजे त्याच्या मते शिकवलं.

पण चार महिन्यांत कौसल्येच्या हातून एकही पत्रा धड जोडला गेला नाही. ज्योत टेकवली की पत्रा लाल, लाल म्हणेपर्यंत पांढरा, आणि लगेच आरपार भोक. साहेबराव मान हलवायचा. “तुझा हात जड हाये,” म्हणायचा, “कुणाकुणाचा असतो.” आणि टॉर्च तिच्या हातातून काढून घ्यायचा. जळके तुकडे ती गुपचूप नाल्यात नेऊन टाकी, कारण सासूच्या, केशरबाईच्या नजरेला पडले की ती ते दारात आलेल्या बायांना दाखवायची. “आमच्या सुनंनं चाळणी केलीय बघा. पीठ चाळायला पायजे का कुणाला?”

गेल्या आठवड्यात साहेबरावानं सांगूनच टाकलं. अजून पंधरा दिवस बघू. न्हाई जमलं तर सोडून दे, मी दुसरा माणूस लावतो. आन् मी नसताना टॉर्चीला हात लावायचा न्हाई. हे त्यानं रागानं सांगितलं असतं तर कौसल्येनं मनावर घेतलं नसतं. रागावलेला माणूस निवळतो. साहेबराव अगदी शांतपणे बोलला होता, भाकरी मोडता मोडता, आणि तेच तिला झोंबलं होतं.

रविवारी तो पुतणीच्या सोयरिकीसाठी केदारखेड्याला गेला. मंगळवारी दुपारी येतो म्हणाला. दोन दिवस एकटीनं सराव केला तर हात हलका होईल, असं मनाशी धरून कौसल्या सोमवारी दिवस उगवायला शेडात शिरली होती. आता हात हलका होणं राहिलं बाजूला, टॉर्चच कामातून गेली होती. उद्या साहेबराव सर्जेराव पाटलांच्या ट्रॉलीचा हुक जोडायला घेणार, ज्योत बघणार, आणि मग पंधरा दिवसही उरणार नव्हते. तो हात उगारणाऱ्यांतला नव्हता. त्यानं फक्त शेडाचं दार तिला बंद केलं असतं. पुढं जन्मभर चूल आणि चुलीशेजारी केशरबाई.

नोझल काढून सोबत न्यावं म्हणून तिनं पाना लावून पाहिला, पण ते असं आवळून बसलं होतं की हलेना. तरी त्याच्या अंगावर आकडा ठोकलेला होता आणि घासल्यामुळं तो आता स्पष्ट दिसत होता. वर वाटोळं, खाली शेपटी. एक. तिसरीपर्यंतची शाळा अखेर उपयोगी पडली, म्हणून तिला त्या धांदलीतही जरा बरं वाटलं. एक नंबरचं नोझल आणायचं, जुनं काढायला कुणाची तरी मदत घ्यायची, नवं बसवायचं आणि गप्प राहायचं, एवढा बेत तिनं उभ्या उभ्या केला.

“जालन्याला जाऊन येते, आत्याबाई,” ती सासूला म्हणाली. “दाढ लई ठणकून राह्यली.”

“कालवर तर फुटाणे फोडत व्हतीस कडाकडा.”

“त्यानंच दुखली.”

केशरबाईनं तिच्या गालाकडं नीट पाहिलं. गाल काही सुजलेला नव्हता. “जा बाई,” ती म्हणाली, “आन् जल्दी ये. भाकरी थापायला माझे हात आता तुझ्याएवढे जड न्हाईत.”

त्या दिवसांत आणीबाणी चालू होती आणि गाड्या वेळेवर धावतात असं रेडिओ रोज सांगत असे. मंठ्याहून येणाऱ्या एसटीनं रेडिओ ऐकला नसावा. ती दीड तास उशिरा आली, आणि कौसल्येला शेवटच्या बाकावर, कोंबड्यांची पाटी घेऊन बसलेल्या बाईशेजारी जागा मिळाली. जालना येईपर्यंत ती मनात एकच घोकत होती. गॅसचं नोझल, एक नंबर. गॅसचं नोझल, एक नंबर.

सदर बाजारात तिनं पहिल्याच मोठ्या दुकानात विचारलं. दुकानदारानं दुसरं काही न विचारता खोक्यातून एक इवलीशी पितळी वस्तू काढून तिच्या तळहातावर ठेवली. कौसल्येनं ती उलटीसुलटी केली. शेडातलं नोझल तिच्या बोटाएवढं होतं आणि हे तर नाकातल्या चमकीहून थोडंच मोठं होतं.

“ह्ये न्हाई वो. गॅसचं पायजे.”

“गॅसचंच हाये बाई. घ्या बिनघोर. लग्नाच्या वरातीला चार रात्री जाळा, काजळी धरली तर परत आणा.”

तेव्हा कुठं तिच्या ध्यानात आलं. तिच्या घरात गॅस म्हणजे शेडातला ड्रम. बाकी साऱ्या मुलखात गॅस म्हणजे गॅसबत्ती, वरातीत डोक्यावर धरतात ती. चार महिन्यांत आपली भाषा इतकी बदलली याचं तिलाच नवल वाटलं. “लोखंड जोडायचा गॅस,” ती म्हणाली. दुकानदारानं तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, वस्तू परत खोक्यात टाकली आणि पुढच्या गल्लीतल्या हार्डवेअरवाल्याकडं बोट दाखवलं.

हार्डवेअरचं दुकान लांबट आणि काळोखं होतं. गल्ल्यावर दाढीवाले एक चाचा बसले होते.

“क्या होना, बाई?”

“वेल्डिंगचं नोझल. एक नंबर.”

“अपने यहाँ सब एक नंबरच मिलता,” चाचा म्हणाले, आणि दुकानात पाने-पक्कड चाळत उभे असलेले दोघे-तिघे खो खो हसले. “दो नंबर का माल आपुन रखतेच नै.”

“तसं न्हाई, चाचा. आकडा. त्याच्यावर आकडा ठोकलेला असतो, त्यो एक.”

चाचांनी हसणं आवरलं. बाईला माल ठाऊक आहे हे त्यांना तेवढ्यावरून कळलं असावं. टॉर्च नवी की जुनी, त्यांनी विचारलं. जुनी, पितळी, दांड्यावर हत्ती कोरलेला, तिनं सांगितलं. हत्ती म्हटल्याबरोबर चाचांनी कपाळाला हात लावला. तो माल इंग्रज गेले तेव्हाच बंद झाला. नव्या नोझलचे आटे निराळे, त्या टॉर्चवर ते बसायचंच नाही, आणि जबरदस्तीनं बसवलं तर गॅस बाहेरून गळून पेट घेईल. “किसी पुराने मिस्त्री के पास पड़ा होगा तो होगा,” ते म्हणाले. “जुने जालने में देखो. बद्रीनाथ करके एक है.”

एक है, हे कौसल्येला कुणी सांगायची गरज नव्हती. सगळं जालनं पालथं घालीन पण बद्रीनाथ मिस्त्रीच्या दारी जायची नाही, असं ठरवूनच ती एसटीत बसली होती. साहेबराव महिन्यातून एकदा ऑक्सिजनची टाकी भरायला जालन्याला येई आणि उस्तादाला भेटल्याशिवाय परतत नसे. इकडची गोष्ट तिकडं जायला महिनासुद्धा लागला नसता. तिनं अजून दोन दुकानं पाहिली, भंगारवाल्याचा ढीग उपसला, हात काळे केले. उन्हं डोक्यावर आली. मग तिनं पदर डोक्यावरून नीट घेतला आणि कुंडलिकेचा पूल ओलांडला.

बद्रीनाथ मिस्त्री शेडाबाहेर बाजेवर बसून चहा बशीत ओतत होते. सत्तरी उलटलेली, भुवया जळून जळून उरलेल्या नाहीत, पण नजर अजून बारीक. साहेबरावाची शेड त्यांच्याच हातानं सुरू झाली होती, त्या दिवशी त्यांनी कौसल्येच्या हातचं जेवण दोनदा मागून घेतलं होतं. त्यांनी तिला लांबूनच ओळखलं.

“सूनबाई! एकटीच आलीस का? साहेबराव बरा हाये ना?”

“बरे हायेत. कामात गुतलेत, म्हणून मला धाडलं,” कौसल्या म्हणाली. एकदा खोटं बोलायला लागल्यावर दुसरं जड जात नाही. “नोझल पायजे व्हतं, मिस्त्रीबाबा. जुन्या टॉर्चीचं.”

“कितवं?”

“एक नंबर.”

मिस्त्रीबाबांची बशी ओठांपर्यंत जाऊन थांबली. “एक? बराबर ऐकून आलीस ना?”

“बराबर. म्या डोळ्यानं बघितलंय.”

म्हातारा बाजेवरून उठला. आत जाऊन त्यांनी तंबाखूचा एक गंजका डबा आणला आणि पोत्यावर उपडा केला. तांब्याची पंधरा-वीस नोझलं घरंगळली, लहान, मोठी, काही डोक्याकडून जळालेली. त्यांनी एकेक उचलून डोळ्याजवळ नेलं आणि बाजूला ठेवलं. शेवटी एक बारकंसं हाती लागलं. धोतराच्या सोग्यानं त्यांनी ते पुसलं, त्यातून फुंकर मारून पाहिली.

“ह्ये आता कुणी मागतच न्हाई,” ते म्हणाले. “त्याच्या हाताखाली कोणी नवीन बसलंय का गं?”

बसलंय की, मी बसलेय, चार महिने झाले, असं म्हणायला कौसल्येला कितीसा वेळ लागला असता. पण मग हात जड असल्याचंही सांगावं लागलं असतं, भोकांचंही, आणि दाभणाचंही.

“न्हाई,” ती म्हणाली. “कोणीच न्हाई.”

“असं व्हय,” म्हातारा म्हणाला. त्यांनी नोझल वर्तमानपत्राच्या कपट्यात गुंडाळून दिलं. ती कनवटीला हात घालायला लागली तर ते रागावले, आणि चहा घेतल्याशिवाय तिला उठू दिलं नाही. चहा फार गोड होता. तो पिताना कौसल्येला स्वतःचीच लाज वाटत होती, आणि ती खोटं बोलल्याची नव्हती. स्वतःलाच ती ‘कोणी नाही’ म्हणून बसली होती.

वाटूर फाट्यावर ती उतरली तेव्हा चार वाजून गेले होते. शेडापुढं सर्जेराव पाटलांची ट्रॉली उभी होती. खुद्द पाटील होते, आणखी दोघे-चौघे रिकामे होते, आणि शेडाच्या तोंडाशी हातात टॉर्च घेऊन साहेबराव उभा होता. केदारखेड्याची सोयरीक मानपानावरून पहिल्याच बैठकीत मोडली होती आणि तो एक दिवस आधीच परतला होता. दारात केशरबाई बसली होती. तिच्या चेहऱ्यावर दुःख होतं असं कुणाला म्हणता आलं नसतं.

“दाढ काढली का?” तिनं विचारलं.

साहेबराव टॉर्चकडं बघत होता. लखलखीत नोझलवर दुपारचं ऊन पडलं होतं. लपवाछपवी करायला आता जागाच राहिली नव्हती.

“नोझल कुणी घासलं?” त्यानं विचारलं.

“म्या. भोक तुंबलं व्हतं. दाभणानं साफ करायला गेले आन् त्ये फाकलं.” तिनं ते सगळ्यांच्या समोर, एका दमात सांगितलं. “दुसरं आणलंय. जालन्याहून.”

कागदाचा कपटा तिनं पुढं केला. साहेबरावानं तो उलगडला. नोझल दोन बोटांत धरून तो बघत राहिला.

“ह्ये काय आणलंस?”

“नोझल. एक नंबर.”

“एक नंबर काहून?”

“त्याच्यावर एकच हाये की. बघा ना, लिवलेलं.”

साहेबरावाच्या आधी सर्जेराव पाटील पुढं झाले, टॉर्चवर वाकले आणि मांडीवर थाप मारून हसले. “अगं बाई, त्यो इंग्रजी नऊ हाये! नऊ!”

मराठीतला एक आणि इंग्रजीतला नऊ, दोघांनाही वर वाटोळं आणि खाली शेपटी. कौसल्येनं इंग्रजी आकडे पाहिले होते ते नाण्यांवर. पाच, दहा, पंचवीस, पन्नास. नऊ पैशांचं नाणं सरकारनं काढलं नव्हतं, त्याला ती काय करणार. पण ही बाजू मांडायला तिथं कुणी सवड देत नव्हतं. रिकामे लोक पोट धरून हसत होते. एकानं तर “एक नंबर! एक नंबर!” म्हणून आरोळी ठोकली. पाटलांनी हसणं संपवून हुक ट्रॉलीत टाकायला सांगितला. एवढ्या जाड लोखंडाला हे बारकं नोझल सात जन्म पुरलं नसतं, हे त्यांनाही कळत होतं. “मंठ्याला जोडून घेतो, मिस्त्री,” ते म्हणाले. “पेरणीच्या टायमाला बाईमाणसाच्या हातात टॉर्च देऊ नका म्हंजे झालं.” पेरणीला अजून तीन महिने होते, पण पाटलांना काहीतरी बोलायचं होतं.

ट्रॉली गेली. तिच्यामागून बघे गेले. केशरबाई उठली आणि गुडघे चोळत म्हणाली, “चल माय, आता चुलीपुढं बस. तिथं आकडे वाचावे लागत न्हाईत.” आणि आत निघून गेली.

कौसल्या तिथंच उभी राहिली. तिला रडू येत नव्हतं. शेडात जाऊन तिनं आपला काळा चष्मा खिळ्याला अडकवला, हाताला गुंडाळायचं फडकं घडी करून फळीवर ठेवलं. दुसरा माणूस येईल त्याला ते लागलं असतं. साहेबराव अजून ते बारकं नोझल बोटांत फिरवत होता.

“कुणी दिलं ह्ये?”

“बद्रीनाथबाबांनी.”

“काय म्हणले?”

“हाताखाली कोणी नवीन बसलंय का, म्हणले. म्या सांगितलं, कोणी न्हाई.”

साहेबरावानं मान वर केली. तो तिच्याकडं असा बघत राहिला की तिला वाटलं, आता हा ओरडणार. पण तो ओरडला नाही. पाना घेऊन त्यानं फाकलेलं नऊ नंबर काढायला घेतलं. त्यालाही ते जड गेलं, दोनदा पाना सटकला. मग त्यानं एक नंबर बसवलं, आटे बरोबर पकडले. ड्रमकडं बघून म्हणाला, “कार्बाइड हाये?”

“हाये.”

त्यानं काडी लावली. ज्योत निघाली ती ज्वारीच्या दाण्याएवढी, निळी आणि सरळ. त्यानं पत्र्याची दोन कात्रणं शेजारी शेजारी ठेवली आणि बोटभर जोड ओढला. पत्रा लाल झाला, पाण्यासारखा थेंब झाला, आणि थेंब जागच्या जागी बसला. साहेबराव थांबला. मग त्यानं टॉर्च तिच्यापुढं धरली. “धर.”

कौसल्येनं खिळ्यावरचा चष्मा काढला.

त्याचा जोड थांबला होता तिथं तिनं ज्योत टेकवली. थेंब तुटला नाही, खाली गळला नाही. ती सरकली तसा तो तिच्याबरोबर सरकला, एक वीत, मग सव्वा वीत, कात्रण संपेपर्यंत. तिनं चाव्या बंद केल्या, पकडीनं पत्रा उचलला आणि बाहेर येऊन सूर्यासमोर धरला. चार महिने ती असा पत्रा धरत आली होती आणि दर वेळी त्यातून ऊन तिच्या तोंडावर सांडलं होतं. आज पत्र्याच्या मागं सूर्य होता आणि पुढं नुसती सावली.

“मलाबी त्यांनी सहा म्हैने ह्याच्यावरच बसवलं व्हतं,” साहेबराव मागून म्हणाला. त्याचा आवाज उतरला होता. “एक नंबरवर. इसरूनच गेलो म्या. शेड घातली तवा जाड काम येईल म्हणून नऊ तेवढं उचललं, आन् तुलाबी त्येच दिलं. नऊनं पातळ पत्रा कुणाच्या बापाला जोडता येत न्हाई, उस्तादालाबी न्हाई. हात तुझा जड न्हाई, कौसल्ये. चूक माझी व्हती.”

दार बंद होईल म्हणून सकाळपासून धास्तावलेल्या बाईला हे ऐकून आनंद व्हायला हवा होता. कौसल्येला संताप आला. असा संताप तिला लग्नानंतर कधी आला नव्हता. चार महिने. नाल्यात नेऊन टाकलेला एकेक तुकडा तिच्या डोळ्यांपुढं आला. सासूची चाळणी आली. अंधारात पडल्या पडल्या आपलेच हात चाचपून ती कुठला जडपणा शोधायची, तेही आठवलं. तिनं त्याच्याकडं पाहिलं. साहेबराव खाली बघत होता, आणि त्याला शरम वाटत होती हे उघड दिसत होतं. त्यानं तिचा राग कमी झाला नाही.

ती शेडात परतली. कात्रणांच्या ढिगातून आणखी दोन तुकडे काढले, शेजारी शेजारी ठेवले, पुन्हा काडी लावली.

“आण इकडं,” साहेबराव सवयीनं म्हणाला आणि टॉर्चसाठी हात पुढं केला. “गॅस संपल. ऱ्हायलेलं उद्या कर.”

“संपू द्या,” कौसल्या म्हणाली. तिनं चष्मा खाली ओढला आणि टॉर्च काही दिली नाही.

साहेबरावाचा हात थोडा वेळ तसाच पुढं राहिला. मग त्यानं तो मागं घेतला, कोपऱ्यातली सळई उचलली आणि तिच्या शेजारी उकिडवा बसून, ती सांगेल तिथं धरली.